मोडशी, गॅस्ट्रो आणि सासूबाईंचा अबोला

"डॉक्टरताई, आम्ही कळव्याला राहतो. गेल्या आठवड्यात माझ्या सात वर्षांच्या मुलाला रात्री एकदम उलट्या सुरू झाल्या आणि पहाटेपर्यंत पाण्यासारखे जुलाब. सकाळी डॉक्टरांकडे नेलं. 'गॅस्ट्रो आहे, घाबरू नका,' म्हणाले, कागदावर 'जी. ई.' लिहिलं आणि ओआरएस पाजत राहा असं सांगितलं. मला अर्धा दिवस ऑफिसला जावंच लागलं. सासूबाई देवगडकडच्या. त्या म्हणाल्या, 'ही मोडशी आसा. आणि गॅस झालो हा तर पाणी कित्याक पाजतंस? पोट आणखी फुगतला.' मी गेल्यावर त्यांनी त्याच्या पोटावर हिंग चोळला, ओवा चावायला दिला आणि पाणी जवळजवळ दिलंच नाही. दुपारी आले तर मुलगा मलूल पडलेला, ओठ सुकलेले. माझा तोल गेला. 'मोडशी-बिडशी असला आजार नसतो, हे गावातले शब्द गावातच ठेवा,' असं बोलून गेले. मुलगा आता अगदी बरा आहे. पण सासूबाई त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत. डब्याला पोळ्या करून ठेवतात आणि आत जातात. मला विचारायचं आहे की मोडशी खरंच असते का, आणि ती म्हणजेच गॅस्ट्रो का? हे शब्द आले कुठून? पुन्हा असं झालं तर त्यांना पाण्याचं कसं पटवू? आणि एक लहानशी गोष्ट. शाळेला मराठीत अर्ज द्यायचा राहिला आहे, त्यात आजाराचं नाव काय लिहू?"

मुलगा बरा आहे हे वाचलं आणि जीव भांड्यात पडला. आता स्पष्टच बोलते. त्या दिवशी तुमच्या घरात दोन चुका झाल्या. पाणी तोडलं ही सासूबाईंची चूक, आणि ती मोठी, कारण ती मुलाच्या जिवाशी होती. 'मोडशी असला आजार नसतो' हे तुमचं वाक्य ही दुसरी. त्यानं जिवाला धोका नव्हता, पण ते खरं नव्हतं आणि लागेल असं होतं. दोन्ही चुकांची सुरुवात शब्दांपासून झाली आहे, म्हणून आधी शब्दांकडेच जाऊ.

'गॅस्ट्रो' घ्या. डॉक्टरांच्या तोंडून येतो म्हणून तो पुरा शब्द वाटतो, पण तो नुसता तुकडा आहे. पूर्ण नाव गॅस्ट्रोएन्टरायटिस. ग्रीकमध्ये 'गास्टर' म्हणजे पोट, 'एन्टेरॉन' म्हणजे आतडं, आणि शेवटचं 'आयटिस' म्हणजे त्या जागेचा दाह. जठराचा आणि आतड्याचा, दोन्हींचा दाह, म्हणून वरून उलटी आणि खालून जुलाब. आम्ही डॉक्टरांनी घाईत लिहिताना त्याचं 'जी. ई.' केलं, बोलताना 'गॅस्ट्रो' केलं, आणि दर पावसाळ्यात पेपरांनी 'गॅस्ट्रोची लागण' छापून तो मराठी करून टाकला. पण उरलेल्या तुकड्यात आजार कुठेच नाही. दाह गेला, आतडं गेलं, नुसतं पोट राहिलं. 'तुमच्या मुलाला पोट झालंय' असं एखादा डॉक्टर म्हणाला तर तुम्ही काय समजाल?

अर्थ न कळता कानावर पडलेल्या शब्दाला माणूस आपल्या ओळखीचा अर्थ लावतो. सासूबाईंनी तेच केलं. पोटाच्या तक्रारीतला 'गॅस' त्यांना रोजचा, म्हणून गॅस्ट्रो म्हणजे गॅसचाच कुठलातरी मोठा प्रकार. गॅस धरला तर हिंग आणि ओवा बरोबरच आहेत! चूक उपायात नव्हती, ऐकण्यात होती. त्यातला मोठा वाटा नाव सांगून अर्थ न सांगणाऱ्या आम्हा डॉक्टरांचा आहे, हे मी मनापासून मान्य करते. या दोन शब्दांचं एकमेकांशी काहीही नातं नाही. 'गॅस' हा शब्द सतराव्या शतकात व्हान हेलमॉन्ट नावाच्या फ्लेमिश विद्वानानं बनवला, तो ग्रीकमधल्या 'खाओस', म्हणजे आदिम गोंधळ, या शब्दावरून. पोटाशी त्याचा संबंध फार पुढचा.

आता मोडशी. हा 'गावातला' शब्द तुम्हाला वाटतो त्यापेक्षा खूप हिंडून आलेला आहे.

तो 'मोडणे' या क्रियापदाचा. तापात अंग मोडून येतं, कर्जानं कंबर मोडते, आणि एका रात्रीत दहा-पंधरा जुलाब झाले की धडधाकट माणूस मोडतो. ज्यांनी उलट्या-जुलाबांनी खचलेला माणूस पाहिला आहे त्यांना याचा वेगळा अर्थ सांगावा लागत नाही. डोळे आत जातात, गाल बसतात, आवाज घोगरा होतो, पायांत गोळे येतात, मान धरत नाही. आमच्या वैद्यकातला इंग्रजी शब्द 'कोलॅप्स' हेच सांगतो, कोसळणं. आपल्या लोकांनी ते बघून शब्द केला.

गार्सिया द ऑर्टा हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला आणि आयुष्यभर तिथंच राहिला. त्यानं हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर संवादरूपात लिहिलेलं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. भारतात छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी ते एक. त्यातल्या एका संवादात हा आजार येतो. आम्ही वैद्य याला लॅटिनमध्ये असं असं म्हणतो, असं सांगून तो पुढे लिहितो की इथले लोक याला 'मोर्शी' म्हणतात, आणि आमची माणसं त्याचं बिघडवून 'मोर्देशी' करतात. मराठी-कोकणी 'ड' त्यांच्या कानाला 'र'सारखा लागला, एवढाच फरक. इथला आजार युरोपातल्यापेक्षा भयंकर आहे, बहुतेक वेळा चोवीस तासांत माणूस संपतो, असंही तो सांगतो. त्याच्याही आधी, 1543 मध्ये गोव्यात आलेल्या साथीचं वर्णन करताना गास्पार कोरेइया या पोर्तुगीज इतिहासकारानं हाच शब्द नोंदवला आहे. म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या तोंडचा शब्द साडेचारशे वर्षांहून अधिक काळ लेखी पुराव्यानिशी उभा आहे. त्याच्यापुढे 'गॅस्ट्रो' कालचं पोर आहे.

आणि हा फक्त गोव्याचा इतिहास नाही. या ऑर्टाला पोर्तुगीज राजानं मुंबई बेट वहिवाटीला दिलं होतं. त्याच पुस्तकात तो त्याचा उल्लेख करतो. आपलं ठाणं तर 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकून घेईपर्यंत जवळजवळ दोनशे वर्षं पोर्तुगीजांकडे होतं. तलावपाळीजवळचं जुनं चर्च त्या काळाचं, आणि आज जिथं मध्यवर्ती कारागृह आहे तो किल्लाही त्यांनीच बांधायला घेतलेला. पुढे जॉन फ्रायर नावाचा इंग्रज कंपनीचा वैद्य 1670 च्या दशकात या भागात होता. कल्याणवरून घाट चढून तो जुन्नरला गेला होता. त्याच्या प्रवासवर्णनात 'मॉर्डिशीन' आहे, उलट्या आणि जुलाबांचा आजार असा अर्थ दिलेला, आणि त्यावर लोक निर्दयपणे डागण्या देतात अशी नोंदही. टाचेला तापलेलं लोखंड लावायचं, हा त्या काळातला नावाजलेला उपाय. देशी लोकही करत, गोरेही करत.

मग हा शब्द फ्रेंचांच्या कानावर पडला. पोर्तुगीजांचा 'मोर्देशिं' त्यांना ऐकू आला 'मोर द शियाँ', ज्याचा फ्रेंचमध्ये अर्थ कुत्र्याची मौत. आजारही तसाच क्रूर, म्हणून तो अर्थ त्यांना पटला आणि तेच नाव पुस्तकांत गेलं. इंग्रजांनीही ते उचललं आणि अठरावं शतक संपेपर्यंत वापरलं. 1886 मध्ये यूल आणि बर्नेल यांनी 'हॉब्सन-जॉब्सन' हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश काढला, त्यात या 'कुत्र्याच्या मौती'ची उलटी वाट शोधत ते पुन्हा कोकणी-मराठी 'मोडशी'पर्यंत आणि 'मोडणे'पर्यंत आले.

हे सगळं इतकं लांबवून सांगायचं कारण आहे. फ्रेंच विद्वानांनी मोडशीत कुत्रा ऐकला, तुमच्या सासूबाईंनी गॅस्ट्रोत गॅस ऐकला. दोन्हीकडे घडलं ते एकच. परका शब्द कानावर आला आणि कानानं त्याला घरचा करून घेतला. फ्रेंचांचं ऐकणं कोशात गेलं, त्यावर विद्वानांनी पानं लिहिली. सासूबाईंच्या ऐकण्याला आपण अडाणीपणा म्हणायचं का?

आता तुमचा नेमका प्रश्न. मुलाला मोडशी झाली होती का? हो, झाली होती. मोडशी म्हणजेच गॅस्ट्रो का? तुमच्या मुलाच्या बाबतीत, हो. पण शब्दांची मापं सारखी नाहीत. गॅस्ट्रो शरीरातली जागा सांगतो, मोडशी माणसाचं काय होतं ते सांगते. शिवाय मोडशीचा पसारा फार मोठा आहे. ऑर्टाच्या काळात ती जीवघेण्या कॉलऱ्यापर्यंत पोचत होती. पुढे कॉलऱ्याला पटकी, महामारी, हिंदीतून आलेला हैजा अशी वेगळी नावं रुळली, त्याच्या भीतीतून मरीआई आणि जरीमरी या देवता गावोगाव बसल्या; कुर्ल्याकडच्या एका अख्ख्या वस्तीचं नाव आजही जरीमरी आहे. आणि मोडशी हळूहळू आकसत घरगुती झाली. आज कोकणातल्या घरात ती बहुधा खाणं बाधून झालेल्या उलट्या-जुलाबांसाठी येते. आयुर्वेदातल्या विसूचिकेचीही गोष्ट अशीच आहे. सूची म्हणजे सुई. अजीर्ण होऊन अंगात सुया टोचल्यासारखं होतं ती विसूचिका, असं सुश्रुतसंहितेत आहे. पुढे तोच शब्द कॉलऱ्यासाठी वापरला जाऊ लागला. खुद्द 'कॉलरा' हा शब्दही ग्रीक पित्तावरून आलेला मानतात. प्रत्येक भाषेत लोकांनी दिसलं ते नाव ठेवलं. जंतू दिसायला फार उशीर लागला. रॉबर्ट कॉखनं कॉलऱ्याचा जंतू कोलकात्यात नक्की केला तो 1884 मध्ये.

मोडशीचा हा मोठा पसारा मला एकदा फार महागात पडणार होता. नव्यानं दवाखाना टाकला होता तेव्हाची गोष्ट. मुरबाडकडची एक बाई दीड वर्षाच्या मुलीला घेऊन संध्याकाळच्या गर्दीत आली. 'काय होतंय?' तर म्हणाली, 'मोडशी झालीय.' माझ्या माहेरी मोडशी म्हणजे लग्नात जास्त जेवल्यावर होते ती. मी अजीर्ण समजले, पुढे विचारलंच नाही, औषध लिहायला घेतलं. तेवढ्यात ती बाई म्हणाली, 'काल रातीपासून रडलीच नाय बघा.' माझा हात थांबला. पदर बाजूला करून पाहिलं, डोळे खोल गेलेले, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली. त्याच क्षणी रिक्षात बसवून दोघींना रुग्णालयात घेऊन गेले. मुलगी वाचली. त्या आईनं मला सगळं सांगितलं होतं, एका शब्दात सांगितलं होतं. मीच तो शब्द माझ्या मापानं ऐकला होता. त्यानंतर कुणी मोडशी म्हणालं की मी एकच विचारते, किती वेळा झालं, आणि लघवी शेवटची कधी झाली?

तुमच्या घरात पाळायचं तेही हेच. नाव काहीही घ्या, मोडशी म्हणा, गॅस्ट्रो म्हणा, उपाय नावावरून ठरवू नका. अंगातून पाणी किती गेलं आणि किती परत आलं, यावरून ठरवा.

पाणी बंद करण्यामागचा सासूबाईंचा विचार मला समजतो. पाणी दिलं की उलटी होते, जुलाबही वाढल्यासारखे दिसतात, मग द्यायचं कशाला? जगभरच्या डॉक्टरांनीही कॉलऱ्याच्या रुग्णांना कित्येक दशकं पाणी नाकारलेलं आहे, ते याच समजुतीनं. पण जुलाबात आतडं पाणी टाकत असलं तरी घेणं विसरलेलं नसतं. आतड्याच्या आतल्या अस्तरात एक दार आहे. ते नुसत्या मिठाला नीट उघडत नाही, नुसत्या साखरेलाही नाही. दोन्ही जोडीनं आली की उघडतं, आणि त्यांच्यामागून पाणी आत जातं. आजारातही हे दार चालू राहतं. 1960 च्या सुमारास शास्त्रज्ञांना हे कळलं, पण त्याची खरी परीक्षा झाली 1971 मध्ये, बांगलादेश युद्धाच्या वेळी.

पश्चिम बंगालमधल्या सीमेवरच्या बनगावला निर्वासितांची रीघ लागली आणि कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं. तिथं काम करणाऱ्या डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ आणि ग्लुकोज ठराविक प्रमाणात पाण्यात मिसळून पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच सांगितलं, पेल्यानं पाजत राहा. शंभरात तीस माणसं दगावत होती तिथं प्रमाण चारच्याही खाली आलं. नर्स नाही, सुई नाही. आया, आज्या, भाऊ पाजत होते. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं 1978 मध्ये लिहिलं की या शतकातला हा कदाचित सर्वात महत्त्वाचा वैद्यकीय शोध असेल. महालनबिस 2022 मध्ये गेले, 2023 मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. तुमच्या घरातलं ओआरएसचं पाकीट ते हेच. सासूबाईंना ही बनगावची गोष्ट जरूर सांगा, कारण त्यात औषध पाजणारी आजीच आहे.

पाजायचं कसं, तेवढं नीट लक्षात घ्या. पाकीट एक लिटरचं असेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात पूर्ण पाकीट एकदम घालायचं. अर्धं पाकीट पेल्यात, अर्धं उद्याला, असं अजिबात नको. प्रमाण बिघडलं की ते दार उघडत नाही आणि खारटपणा वाढला तर अपायही होतो. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चव अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. तुमच्या मुलाच्या वयाला प्रत्येक जुलाबानंतर अर्धं ते एक फुलपात्र. दोन वर्षांखालच्या बाळाला त्याच्या निम्मं, आणि अंगावरचं दूध सुरूच ठेवायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग दोन-तीन मिनिटांनी एक-एक चमचा. घटाघटा प्यायलेलं पाणी बाहेर येतं, चमच्यानं दिलेलं बहुतेक वेळा टिकतं. सासूबाईंनी पाहिलं होतं ते घटाघटा पाण्याचं.

दुकानातून घेताना पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असल्याचं लिहिलेलं बघा. नावात ओआरएस मिरवणारी, चिक्कार साखर घातलेली फळांची पेयं बरीच वर्षं औषधांच्या दुकानातही मिळत होती. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं अशा पेयांवर हा शब्द छापायला मनाई केली. जास्त साखर आतड्यात उलट पाणी ओढून आणते आणि जुलाब वाढवते, म्हणून कोल्ड्रिंकही नको. खाण्याचा सोडा नको. आणि जुलाब थांबवणारी गोळी मुलांना घरच्या घरी कधीही देऊ नका. त्यानं आतडं थंडावतं, घाण आत राहते. प्रतिजैविकंही बहुतेक वेळा लागत नाहीत, कारण लहान मुलांतली पुष्कळशी मोडशी विषाणूंची असते. पाच वर्षांखालच्या मुलांना डॉक्टर झिंक देतात, ते मात्र जुलाब थांबले तरी सांगितलेले दिवस पुरे करायचं.

थांबायचं कधी नाही तेही सांगते. सहा-आठ तास लघवी नाही, मूल मलूल, हाक मारल्यावर ओ देत नाही, पाणी पिऊ शकत नाही, शौचात रक्त, चढता ताप, किंवा जुलाब तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके आणि लोटेच्या लोटे. यातलं एकही दिसलं तर ओवा नाही, ओआरएसवर वाट पाहणं नाही, सरळ रुग्णालय. वाटेत चमच्यानं पाजत जायचं.

आता सासूबाईंना पटवायचं. मला वाटतं तुम्ही त्यांना 'पटवू' नका, आधी माफी मागा. पाणी तोडलं ते चूक होतं, त्याबद्दल माघार घ्यायची नाही. पण शब्दाबद्दल घ्यायची. 'आई, मोडशी म्हणालात ते बरोबर होतं, मला माहीत नव्हतं,' एवढं म्हणा आणि गोव्याच्या त्या वैद्याची गोष्ट सांगा. त्यांनी नातवाचं वाईट चिंतलं नव्हतं. ज्या पोराला दिवसभर सांभाळलं त्याच्याचवरून सुनेनं भाषा काढली, हे त्यांना लागलं असणार. भाषेबरोबर माणसाचं माहेर, आई, गाव सगळंच काढल्यासारखं होतं.

आणि मग त्यांना पेजेबद्दल विचारा. देवगडकडच्या घरात उकड्या तांदळाची पेज माहीत नाही असं होणार नाही. ती पातळ निवळ, मीठ घातलेली पेज जुलाबात उत्तम. तांदळातल्या पिठाची आतड्यात साखरच होते, मीठ आपण घातलेलं, दार उघडतं ते तसंच. मोडशीत लंघन करायचं असं त्या म्हणत असतील तर त्यातलंही खरं तेवढं घ्या. तळलेलं, जड, दुधाची मिठाई बंद, हे योग्य. पण लंघन म्हणजे पाणी तोडणं नव्हे. आयुर्वेदातही लंघनानंतर मंड, पेया, विलेपी अशा पायऱ्या आहेत, आधी भाताचं पाणी, मग पातळ पेज, मग दाट. मुलाला भूक लागली की मऊ भात, ताक, केळं द्यायचं, उपाशी ठेवायचं नाही. हिंग पोटावर चोळला म्हणून काही बिघडलं नाही; चोळू देत. फक्त दुसऱ्या हातात चमचा-वाटी हवी. पुढच्या वेळी घड्याळ लावून चमच्यानं पाजायचं काम त्यांच्याकडेच द्या, दर जुलाबाला कागदावर एक रेघ आणि दर लघवीला एक फुली मारायला सांगा. तुम्ही ऑफिसातून फोन केलात की 'कसा आहे' विचारू नका, रेघा आणि फुल्या विचारा.

प्यायचं पाणी उकळूनच घ्या, नळाचं असो की टँकरचं. सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली हे सेक्रेटरींना विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. घरात कुणी आजारी असताना हात साबणानंच धुवायचे, पेज ढवळण्याआधी तर नक्कीच.

राहिला शाळेचा अर्ज. 'जुलाब व उलट्यांमुळे गैरहजर' असं लिहा, बाईंना लगेच कळेल. जुलाब हा शब्द लिहायला संकोच वाटत असेल तर त्याचं मूळ सांगते. फारसीत 'गुलाब' म्हणजे गुलाबपाणी. अरबीत त्याचं 'जुलाब' झालं आणि अर्थ गोड सरबत असा झाला, इंग्रजीतला 'जुलेप' तिथलाच. हकिमांनी पोट साफ करायचं औषध त्या सरबतातून द्यायला सुरुवात केली आणि नाव सरबतावरून औषधाला आणि औषधावरून त्याच्या परिणामाला चिकटलं. तेव्हा बिनदिक्कत लिहा. शेवटचा पातळ जुलाब होऊन दोन दिवस झाले असतील तर मुलाला शाळेत पाठवायला हरकत नाही. डब्यात काही दिवस घरचंच द्या आणि पाण्याची बाटली घरूनच भरून.